लहान मुलांची त्वचा : रॅश, घामोळं, कोरडेपणा, खरूज. घरी काय करायचं, काय नाही (नाशिककरांसाठी)

गोदाकाठ_सिस्टर | ८ मे
पुरळ उठलं, घामोळं आलं, लंगोटाची जागा लाल झाली, गालावर पांढरे डाग दिसले: मुलांच्या अशा बहुतेक तक्रारी घरीच बऱ्या होतात. चिघळतात त्या बऱ्याचदा जास्तीच्या उपायांनी. साबण जास्त, घासणं जास्त, तेलावर पावडर, पावडरीवर क्रीम, आणि दोन दिवसांत फरक दिसला नाही की मेडिकलमधून आणलेली ‘सगळ्यावर चालते’ ती ट्यूब. या धाग्यावर आपण एकेक तक्रार घेऊ. ज्यांना कामातून यातली माहिती आहे त्यांनी भर घालावी.

सुरुवात लंगोटाच्या रॅशपासून, कारण सध्या दुपारी पारा चाळिशीला टेकतो आणि सकाळी घातलेला डायपर बऱ्याच घरांत जेवणवेळेपर्यंत तसाच असतो.

आधी लाली नेमकी कुठे आहे ते बघा. ती फुगीर भागावर, म्हणजे ढुंगण, मांड्यांची आतली बाजू, ओटीपोट इथे असेल आणि जांघेच्या घड्या स्वच्छ असतील, तर तो लघवी-शीच्या संपर्काचा साधा रॅश. ओली कातडी मऊ पडते, डायपरला घासते आणि शीमधली पाचक द्रव्यं तिला सोलतात. जुलाब झाले की एका दिवसात जागा लालभडक होते ती म्हणूनच.

डायपर दर दोन-तीन तासांनी बदला, शी झाली तर लगेच. धुवायला कोमट पाणी पुरतं. शी वाळून चिकटली असेल तर कापसाच्या बोळ्यावर थोडं खोबरेल तेल घेऊन सोडवा. रॅश जाईपर्यंत वाइप्स बंद. मऊ सुती कापडाने, घड्या उघडून, टिपून घ्या आणि १०-१५ मिनिटं बाळाला दुपट्यावर तसंच उघडं खेळू द्या. मग झिंक ऑक्साइडची क्रीम लावा. खालची कातडी दिसणार नाही इतका जाड थर हवा. आपल्याला कुठलीही क्रीम जिरवायची सवय असते. ही जिरवायची नाही. पुढच्या वेळी वरचा मळलेला थर तेवढा पुसा आणि खालच्या पांढऱ्या थरावरच नवा द्या. तो खरवडून काढला की नवी आलेली कातडीही त्याच्याबरोबर निघते.

पावडर अजिबात नको. घडीत तिच्या गुठळ्या होतात आणि उडालेली भुकटी बाळाच्या श्वासात जाते. बोरिक असलेली पावडर घरात असेल तर ती टाकूनच द्या. सोललेल्या कातडीतून बोरिक ॲसिड शरीरात जातं आणि तान्ह्या बाळाला त्याची विषबाधा होऊ शकते.

कापडी लंगोट वापरणाऱ्यांनी शेवटी साध्या पाण्यातून दोन-तीनदा खळबळून काढावेत. कपडे मऊ करणारं लिक्विड आणि जंतुनाशक दोन्ही वगळा. त्यांचा अंश कापडात राहतो आणि घाम आला की कातडीला लागतो.

सातपूर_आई | ८ मे
सिस्टर, सात महिन्यांची मुलगी आहे. झिंक लावून पाच दिवस झाले. आता जांघेच्या घडीतही लाल आहे आणि कडेला बारीक लाल ठिपके सुटे सुटे दिसतात. क्रीम बदलू का?

अंजनेरी | ८ मे
ताई, घडीत लालभडक, कडा ठसठशीत आणि भोवती सुटे ठिपके ही कॅन्डिडा बुरशीची खूण. साधा रॅश तीन दिवस नीट काळजी घेऊन उतरला नाही की हाच विचार करायचा. झिंकने बुरशी मरत नाही. बाळाच्या डॉक्टरांना दाखवून घ्या; सहसा १ टक्का क्लोट्रिमाझोल क्रीम दिवसातून दोनदा, ७ ते १० दिवस देतात. ती मात्र पातळ लावून जिरवायची, आणि पाच-दहा मिनिटांनी वरून झिंकचा थर. लाली गेली की त्याच दिवशी थांबवू नका, पुढे दोन-तीन दिवस चालू ठेवा.

जीभ आणि गालाच्या आतली बाजूही बघा. पुसून न निघणारे पांढरे चट्टे असतील तर तोंडातही तीच बुरशी आहे. अंगावर पाजत असाल तर स्तनाग्रांची आग होते का तेही डॉक्टरांना सांगा, तेव्हा दोघींनाही औषध लागतं. नुकतंच अँटिबायोटिक झालं असेल तर ही बुरशी पटकन येते.

डायपरखाली स्टिरॉइडची ट्यूब कधीही मनाने लावू नका. प्लास्टिकखाली झाकलेली कातडी औषध कितीतरी जास्त शोषते.

काउंटरपलीकडून | ८ मे
फार्मासिस्ट म्हणून या ट्यूबबद्दल सविस्तर लिहितो.

लोक येऊन म्हणतात, ‘खाजेची ट्यूब द्या’. जी मागतात ती बहुधा तिहेरी मिश्रणाची असते: एक स्टिरॉइड, एक अँटिबायोटिक, एक बुरशीनाशक. घरातलं कोणीतरी वापरून उरवलेली असते आणि तीच मुलाला लावली जाते. स्टिरॉइडने लाली आणि खाज एका रात्रीत बसते, म्हणून वाटतं गुण आला. खाली बुरशी असेल तर ती वाढतच राहते, कारण तिच्याशी लढणारी सूजच दाबून टाकलेली असते. ट्यूब थांबवली की दुप्पट उसळते. आठ-दहा आठवडे असं चाललं की कातडी पातळ होते, बारीक शिरा दिसू लागतात, रंग उडतो, लव वाढते. नायट्याची गोल कड पुसली जाते आणि मग डॉक्टरांनाही ओळखायला वेळ लागतो.

म्हणून ट्यूबवरचं मोठं नाव बाजूला ठेवा आणि बारीक अक्षरातले घटक वाचा. क्लोबेटासोल, बेटामेथासोन, मोमेटासोन, बेक्लोमेथासोन, फ्लुओसिनोलोन यातलं काही दिसलं की ते स्टिरॉइड. क्लोबेटासोल तर त्यातलं सर्वांत तीव्र. बाजूला नियोमायसिन किंवा जेंटामायसिन आणि मायकोनाझोल किंवा क्लोट्रिमाझोल असेल तर ती तिहेरी ट्यूब. २०१८ पासून ही स्टिरॉइडची मलमं शेड्यूल एचमध्ये आहेत, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. दुकानदार देतो म्हणून ते औषध साधं ठरत नाही.

उलट बाजूही सांगतो. डॉक्टरांनी इसबासाठी १ टक्का हायड्रोकॉर्टिसोन आठवडाभर लिहून दिलं तर ते घाबरून अर्धवट सोडू नका. योग्य जागी, योग्य दिवस, योग्य ताकदीचं स्टिरॉइड हे चांगलं औषध आहे.

आणखी एक. खाजेवर खोबरेल तेलात कापूर घालून लावतात. दोन वर्षांखालच्या मुलांना ते नकोच. कापूर पोटात गेला तर झटके येतात आणि मुलं हात चाटतातच. कडुनिंबाचं तेलही मुलाच्या पोटात जाता कामा नये. बाटली वरच्या फळीवर ठेवा.

पंचवटी_आजी | ११ मे
मालिश, डाळीचं पीठ, धुरी याबद्दल लिहा. आमच्याकडे नातवंड येणार आहे. सुनेचं म्हणणं काहीच करायचं नाही, मालिशवाल्या मावशी म्हणतात सगळं करायचं.

गोदाकाठ_सिस्टर | ११ मे
आजी, मालिश जरूर करा, हात हलका ठेवून. तेल खोबरेल घ्या. मोहरीच्या तेलाने बाळाची कातडी चुरचुरते, आणि ऑलिव्ह तेल महाग असलं तरी कातडीचा वरचा थर कमकुवत करतं. मे महिन्यात मालिश अंघोळीच्या आधी करा, तेल अर्धा तास राहू द्या आणि मग अंघोळीत काढा. अंघोळीनंतर परत तेल थापलं की घामाची तोंडं बुजतात. थंडीत मात्र अंघोळीनंतरचं तेल चालतं.

डाळीच्या पिठाने लव जाते हे खरं नाही. जन्माची लव काही आठवड्यांत आपोआप झडते. पीठ घासल्याने केसांच्या मुळाशी पुळ्या येतात, मानेच्या आणि काखेच्या घडीत पीठ अडकून आंबतं. हळद-साय-मसूरडाळ याचंही तेच. जन्मानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंगावर लाल चट्टे आणि मधे पिवळसर टोकं दिसतात, ती आठवडा-दोन आठवड्यांत काही न लावता जातात. त्यावर तर काही घासूच नये. (मात्र पाण्याने भरलेले फोड दिसले, बाळ दूध ओढेनासं झालं किंवा ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना.)

धुरी नको. ओवा-वावडिंगाचा धूर श्वासात जातो, शेगडीचा चटका बसतो, आणि बंद खोलीत गुंडाळून ठेवलेल्या बाळाला तासाभरात मानेवर घामोळं उठतं.

डोक्यावरच्या पिवळ्या ओशट खपल्यांना रात्रभर तेल लावून ठेवतात, त्याने त्या वाढतात. अंघोळीआधी १५-२० मिनिटं तेल, मऊ ब्रशने हलकं विंचरणं, मग बेबी शाम्पूने तेल पूर्ण काढणं. आठवड्यातून दोन-तीनदा. नखाने उपटायच्या नाहीत.

घामोळ्यावर बोलायचं तर औषध म्हणजे गारवा. घाम बाहेर येण्याची वाट बंद होते आणि तो कातडीतच झिरपतो, म्हणून टोचतं. एकेरी सुती झबलं, पंखा, दिवसातून दोनदा साध्या पाण्याची अंघोळ. साबण लावायचाच तर त्यातल्या एकाच अंघोळीला. टोपडं आणि मोजे घरात काढून ठेवा. तान्ह्या बाळाच्या मानेची घडी दर पाजण्यानंतर उघडून ओल्या कापडाने पुसा आणि टिपा. ओघळलेलं दूध तिथे साचतं. खाज फार असेल तर कॅलामाइन, बाटली आधी खूप हलवून, कापसाने पातळ थर. खोली गार झाली की दोन ते चार दिवसांत उतरतं. पुळ्यांत पू दिसला किंवा ताप आला तर ते साधं घामोळं राहिलेलं नाही.

बागलाण_बागाईत | १२ मे
करदोड्याचं काय? धाकट्याच्या कमरेला बरोबर दोऱ्याखाली काळपट लाल पट्टा उठलाय.

अंजनेरी | १२ मे
दोरा ओला राहतो, त्याखाली घाम आणि साबण अडकतो, वर डायपरची इलास्टिक त्यालाच दाबते. बरं होईपर्यंत काढून ठेवा. घरात बांधायचाच आग्रह असेल तर नंतर सैल बांधा, अंघोळीनंतर दोराही टिपून कोरडा करा आणि दर महिन्याला बदला. पट्ट्याची कड वर उचललेली, खवल्यांची असेल तर नायटा असू शकतो.

बेन्टेक्सच्या बिंदल्या, वाळे, कानातले यांच्याखाली खाज आणि पाणी सुटत असेल तर निकेलची ॲलर्जी. मोठ्या मुलांत बेंबीखाली जीन्सच्या बटणाच्या जागी नेमका तसाच डाग दिसतो. धातू काढला की निम्मं काम झालं.

आश्रमशाळा_शिक्षक | ६ जुलै
धागा वर काढतो. शाळा सुरू झाल्या. पेठ-सुरगाण्याकडच्या वसतिगृहांत पावसाळ्यात खरूज येतेच. औषध वाटलं जातं, महिन्याभरात परत तेच. चुकतं कुठे?

अंजनेरी | ६ जुलै
सर, हा प्रश्न घरांनाही लागू आहे म्हणून सविस्तर.

आधी ओळख. रात्री वाढणारी खाज, बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, काखेत, बेंबीभोवती, मुलग्यांच्या लिंगावर पुळ्या. तान्ह्या बाळांना तळहात-तळपायावरही. आणि एकाच छताखाली दोघा-तिघांना खाज. पहिल्यांदा लागण झालेल्याला खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणजे आज ज्याला काही होत नाही तोही किडा बाळगून असतो आणि औषध न घेता शेजारी झोपतो. परत येते ती इथून. म्हणून घरातल्या किंवा खोलीतल्या प्रत्येकाने, खाज असो वा नसो, एकाच रात्री औषध लावायचं. चार जणांनी सोमवारी आणि दोघांनी शनिवारी लावलं तर लावलंच नाही म्हणा.

औषध सहसा ५ टक्के परमेथ्रिन क्रीम. ३० ग्रॅमची ट्यूब धरली तर मोठ्या माणसाला आणि बारा वर्षांवरील मुलाला एक, सहा ते बारा वर्षांना अर्धी, एक ते पाच वर्षांना पाव, दोन महिने ते एक वर्षाला ट्यूबचा आठवा भाग. दोन महिन्यांखालच्या बाळाला डॉक्टरांशिवाय काही लावू नका. गरोदर बाईनेही विचारून लावावं.

लावायची पद्धत: गरम पाण्याने अंघोळ करून लगेच लावू नये, अंग कोरडं आणि गार हवं, नाहीतर औषध कातडीत थांबण्याऐवजी आत शोषलं जातं. हनुवटीखालून तळपायापर्यंत कुठेही जागा न सोडता. खाज असलेल्या ठिकाणी ठिपके देऊन भागत नाही. बोटांची बेचकी, नखांखाली (नखं आधी कापून), बेंबी, ढुंगणाची फट, पायाची बोटं या जागा हमखास राहतात. दोन वर्षांखालच्या मुलांना डोकं, कानामागे आणि चेहऱ्यालाही, डोळे-तोंड सोडून. ८ ते १२ तास ठेवा, मधे हात धुतले तर हाताला परत लावा. लहानांच्या हातात मोजे घाला म्हणजे चाटणार नाहीत. सात दिवसांनी हेच सगळं पुन्हा. दुसरी वेळ टाळली की अंड्यांतून निघालेले किडे उरतात, आणि वसतिगृहांत हीच वेळ बहुतेकदा सुटते.

त्याच सकाळी गेल्या तीन-चार दिवसांतले कपडे, चादरी, टॉवेल कडक गरम पाण्यात धुऊन वाळवा. जुलैत ऊन नाही, म्हणून इस्त्री करा. जे धुता येत नाही, रजई, स्वेटर, दप्तर, ते प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवा. किडा माणसाच्या अंगाबाहेर दोन-तीन दिवसच जगतो; सोय असेल तर आठवडा ठेवा. भिंती-फरशीवर फवारणीची गरज नाही.

यानंतरही दोन ते चार आठवडे खाज राहते. मेलेल्या किड्यांवरची ती प्रतिक्रिया असते. या काळात लोक घाबरून तिसऱ्यांदा, चौथ्यांदा परमेथ्रिन लावतात आणि कातडी कोरडी होऊन खाज वाढवून घेतात. मॉइश्चरायझर लावा. चार आठवड्यांनंतरही नव्या पुळ्या येत असतील तर परत दाखवा.

काउंटरपलीकडून | ६ जुलै
गॅमा बेंझिन हेक्साक्लोराइडचं जुनं लोशन कुठे उरलं असेल तर मुलांना नको, त्याने झटके येऊ शकतात. आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या १५ किलोंखालच्या मुलांना देत नाहीत. परमेथ्रिन आणि दोन्ही वेळच्या तारखा कागदावर लिहून ट्यूबच्या खोक्यावर चिकटवा.

आश्रमशाळा_शिक्षक | ७ जुलै
दोन्ही रात्री ठरवून, उपस्थिती घेऊन करू. सुट्टीत घरी गेलेल्यांचा प्रश्न राहतो.

अंजनेरी | ७ जुलै
ट्यूब घरच्यांच्या संख्येइतक्या आणि पहिली-दुसरी तारीख मुलाबरोबर पाठवा. पहिली रात्र झाली की दुसऱ्या दिवशी मुलगा वर्गात बसू शकतो, त्याला वेगळा काढू नका.

सातपूर_आई | १९ जुलै
नाकाखाली मधाच्या रंगाची खपली आणि आता हनुवटीवरही. मोठा मुलगा, पाच वर्षं. ताप नाही.

गोदाकाठ_सिस्टर | १९ जुलै
इम्पेटिगो. जंतूंचा संसर्ग, पसरतो झपाट्याने. स्वच्छ कोमट पाण्यात भिजवलेलं सुती कापड पाच-दहा मिनिटं ठेवा, खपली मऊ पडली की अलगद काढा, मगच मलम. खपलीवर लावलेलं मलम आत पोचत नाही. डॉक्टर सहसा २ टक्के म्युपिरोसिन दिवसातून तीनदा, पाच दिवस देतात. टॉवेल, उशीचा अभ्रा वेगळा. औषध सुरू झाल्यावर ४८ तास शाळा नाही. दोन-तीन दिवसांत पसरणं थांबलं नाही, जागा बऱ्याच असल्या किंवा ताप आला तर पोटातून औषध लागेल. आणि पुढच्या काही आठवड्यांत सकाळी डोळ्यांखाली सूज किंवा लघवी चहासारखी लालसर झाली तर लगेच दाखवा. या जंतूमुळे कधीकधी मूत्रपिंडाला सूज येते.

पायांवर डास-पिसवांचे चावे खाजवून हाच संसर्ग होतो. नखं बारीक ठेवा, चाव्यावर गार पाण्याची पट्टी, वरून कॅलामाइन, रात्री मच्छरदाणी.

बागलाण_बागाईत | २२ जुलै
रात्री दिव्यावर येणारा लाल-काळा बारीक किडा मानेवर चिरडला गेला की पट्टा उठतो. गावात त्याला नागीण समजून उतरवून घेतात.

अंजनेरी | २२ जुलै
नागिणीचे फोड एका बाजूला, मज्जातंतूच्या रेषेत येतात. हे त्या किड्याच्या अंगातल्या द्रवाने भाजणं आहे. किडा बसला तर फुंकरीने किंवा कागदाने उडवा, चिरडू नका. चिरडला गेलाच तर जागा साबणाने लगेच धुवा आणि हात धुतल्याशिवाय डोळ्याला लावू नका. आग आणि पट्टा दुसऱ्या दिवशी दिसतो, आठवडा-दहा दिवसांत जातो, काळा डाग महिनाभर रेंगाळतो. संध्याकाळी खिडकीजवळचा दिवा बंद, जाळी लावलेली, बाळाचं अंथरूण दिव्याखाली नको.

शेवग्यावरचे सुरवंट अंगावर पडले तर चोळू नका. चिकटपट्टी लावून ओढा, केस त्याला येतात. दोन-तीनदा नव्या पट्टीने, मग साबण-पाणी.

बागलाण_बागाईत | १४ ऑक्टोबर
छाटण्या सुरू झाल्या म्हणून द्राक्षबागवाल्यांसाठी लिहितो. डोळे फुटावेत म्हणून आपण जी पेस्ट लावतो त्यातलं हायड्रोजन सायनामाइड कातडी भाजतं आणि कातडीतून आतही जातं. पेस्टच्या दिवशी लहान मुलं बागेत नकोत. हातमोजे, डबा, ब्रश पडवीत ठेवू नका. फवारणीचे कपडे बदलून, अंघोळ करूनच बाळाला घ्या. ते कपडे बाळाच्या लंगोटांबरोबर मशीनमध्ये टाकू नका. मुलाला लागलं तर कपडे काढून १५ मिनिटं वाहतं पाणी आणि बाटलीचं लेबल घेऊन दवाखाना.

गोदाकाठ_सिस्टर | १४ ऑक्टोबर
फार गरजेचं लिहिलंत दादा.

निफाड_गारठा | ३ डिसेंबर
थंडी पडली. दीड वर्षाच्या मुलाचे गाल फाटलेत, कोपराच्या लवणीत लाल आणि रात्रभर खाजवतो. गहू-दूध बंद करावं असं एकाने सांगितलं.

अंजनेरी | ३ डिसेंबर
दूध-गहू मनाने बंद करू नका. दीड वर्षाच्या मुलाची वाढ त्यावर चालते आणि इसब बहुतेक मुलांत अन्नामुळे नसतं. कातडीचा ओलावा धरून ठेवणारा थर जन्मतः कमकुवत असतो. निफाडची कोरडी थंडी आणि बंबाचं कडक पाणी तो आणखी ओरबाडतं.

अंघोळ रोज एकदा, पाच ते दहा मिनिटं, कोपर बुडवून कोमट वाटेल इतकंच पाणी. साबणाऐवजी सिंडेट बार (साबण नसलेली, सौम्य वडी) किंवा सुगंध नसलेला वॉश, पीएच ५.५ च्या आसपासचा. साध्या साबणाचा पीएच ९-१० असतो. हा सौम्य वॉशही काखा, जांघा, हात-पाय एवढ्यालाच. बोअरच्या जड पाण्यात साबणाचा साका कातडीवर राहतो, तेव्हा शेवटचे दोन तांबे नीट ओता. टिपून घ्या आणि अंग दमट असतानाच, तीन मिनिटांत, मॉइश्चरायझर. दिवसातून किमान दोनदा, गालांना पाच-सहा वेळा.

बहुतेक घरांत चुकतं ते प्रमाणात. अंगभर कोरडेपणा असलेल्या मुलाला आठवड्याला २५० ग्रॅमपर्यंत लागतं. ५० ग्रॅमची बाटली दोन महिने पुरत असेल तर ते लावल्यात जमा नाही. महागडं घ्यायची गरज नाही: सुगंध नसलेलं पांढरं पेट्रोलियम जेली उत्तम, खोबरेलही चालतं. डब्यात बोटं न घालता स्वच्छ चमच्याने काढा. जेली लागलेले कपडे पटकन पेट घेतात, तेव्हा मूल शेकोटीजवळ नको.

लाल, खाजऱ्या चट्ट्यांना डॉक्टरांनी स्टिरॉइड दिलं तर माप असं: मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर टोकापासून पहिल्या घडीपर्यंत पिळलेली रेघ म्हणजे एक माप, साधारण अर्धा ग्रॅम. तेवढं दोन मोठ्या तळव्यांइतक्या जागेला पुरतं. एक-दोन वर्षांच्या मुलाच्या पूर्ण हाताला दीड माप, पूर्ण पायाला दोन, पोट-छातीला दोन, पाठ-ढुंगणाला तीन. लाल भागालाच, सांगितलेले दिवस. त्यात आणि मॉइश्चरायझरमध्ये अर्धा तास जाऊ द्या.

पंचवटी_आजी | ५ डिसेंबर
शेजारच्या मुलीच्या गालावर फिकट गोल डाग आहेत. जंत आहेत म्हणून दर महिन्याला जंताचं औषध देतात.

अंजनेरी | ५ डिसेंबर
आजी, त्या डागांचा जंतांशी संबंध नाही, कॅल्शियमशीही नाही. कोरड्या कातडीवर हलकी सूज येऊन रंग कमी होतो आणि भोवतालची कातडी उन्हाने काळवंडली की तो उठून दिसतो. दिवसातून दोनदा मॉइश्चरायझर, उन्हात जाताना टोपी किंवा सनस्क्रीन. जायला काही महिने, कधी वर्षही लागतं. जंताचं औषध शाळेत ठरल्याप्रमाणे देतात ते घ्यावं, डागासाठी महिन्याला नको.

डाग दुधासारखा पांढरा आणि कड रेखीव असेल तर कोडाची शक्यता. डोळे मिटायला सांगून कापसाच्या धाग्याने डागावर हलकेच स्पर्श करा. कळलं नाही तर कुष्ठरोगाची तपासणी हवी. त्याचे उपचार सरकारी केंद्रांत मोफत आहेत आणि वेळेत घेतले तर व्यंग राहत नाही. यासाठी थांबू नका.

निफाड_गारठा | ५ डिसेंबर
दवाखान्यात कधी पळायचं ते एकदा लिहा. गावाहून नाशिकला यायला तास जातो.

गोदाकाठ_सिस्टर | ६ डिसेंबर
तीन महिन्यांखालच्या बाळाला ताप, पुरळ असो वा नसो. काचेचा पेला दाबल्यावर न फिकटणारे लाल-जांभळे ठिपके; सावळ्या अंगावर ते तळहात-तळपायावर आणि पापणीच्या आत बघा. ओठ-चेहरा सुजून श्वास लागणं किंवा आवाज घोगरा होणं: १०८ लावा, वाट बघू नका. कातडी भाजल्यासारखी सोलून निघणं. तापाबरोबर डोळे लाल, खोकला आणि कानामागून सुरू झालेलं पुरळ म्हणजे गोवर असू शकतो. आधी फोन करून जा, वेटिंगमध्ये दुसऱ्या बाळांजवळ बसू नका. इसबावर अचानक एकसारखे खोलगट फोड आणि दुखणं.

रात्री उशिरा असेल तर त्र्यंबक नाक्याचं सिव्हिल किंवा नाशिकरोडचं बिटको जवळ पडेल ते. निघताना जे जे लावलं त्या सगळ्या ट्यूब पिशवीत घाला.

तापाला पॅरासिटामॉल वजनाप्रमाणे, एका वेळी किलोमागे १५ मिलिग्रॅम, चोवीस तासांत जास्तीत जास्त चारदा. तीन महिन्यांखालच्या बाळाला डॉक्टरांशिवाय तेही नको. ॲस्पिरिन मुलांना नाही. कांजिण्यांत आयब्युप्रोफेनही नाही.

निफाड_गारठा | १४ डिसेंबर
गालांची भेग भरली, कोपरं अजून खरखरीत. लोकरीचा स्वेटर घातला की खाज परत सुरू होते.

अंजनेरी | १४ डिसेंबर
लोकरीच्या आत पूर्ण बाह्यांचा सुती सदरा घाला, कॉलरही लोकरीवर येईल असा. रात्री दोन जाड पांघरुणांऐवजी एक सुती आणि एक हलकं. घाम आला की खाज उठते. कोपरांना आणखी दोन आठवडे जेली चालू ठेवा, खरखर गेली तरी.